भरिताची वर्गणी

गेल्या डिसेंबरातला तिसरा रविवार. वर्गणी घरटी अडीचशे रुपये. जमा पाच हजार दोनशे पन्नास. ठिकाण धुळ्याबाहेर, आमच्या गल्लीतल्या दूधवाल्या आबांचं शेत. हजर एकवीस घरांतली लहानमोठी माणसं, ऐंशीच्या आसपास. गल्लीत घरं बावीस आहेत. बाविसावं माझं.

हे आकडे त्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या मोबाईल ग्रुपवर आले, तसे लिहिले आहेत. मी तिथे नव्हतो.

आमच्याकडे हिवाळ्यात भरीत होतं. इतर गावांत भरीत ही ताटातली एक भाजी असते. खानदेशात तो दिवसभराचा कार्यक्रम असतो. शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, सोलायची, लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटायची, वरून लसूण-शेंगदाण्याची फोडणी आणि कांद्याची पात. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी नाहीतर पुऱ्या. आमची गल्ली हे वर्षातून दोनदा करते. एकदा डिसेंबरात आणि एकदा संक्रांतीनंतर.

अठरा वर्षं या भरिताचा हिशेब माझ्याकडे होता. मी घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितो, त्यांचे कराचे कागद भरतो, म्हणून हेही काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला वर्गणीवरून कुरबुरी होत. कोणाच्या घरी सात माणसं, कोणाच्या घरी दोन. कोणी म्हणे आम्ही येणार नाही, मग पैसे कशाला. तेव्हा मी नियम घातला की वर्गणी घरामागे, माणसामागे नाही, आणि येवो न येवो, प्रत्येक घराने द्यायची. पहिल्या वर्षी लोक चिडले. नंतर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

वांग्यांचं खातं मात्र माझ्या बायकोकडे होतं. ती जळगावच्या पलीकडच्या बोदवडची. भरिताचं वांगं जळगावकडचंच, बाकी सगळी भाजीची, असं तिचं ठाम मत होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघं एसटीने जळगावला जायचो, मुलगी तिथेच दिलेली असल्यामुळे तिच्या घरी जेवायचो आणि दुपारच्या गाडीने दोन पोती घेऊन परत यायचो. बाजारात ती सारख्या आकाराची दोन वांगी घ्यायची, एक या हातात, एक त्या हातात, आणि डोळे मिटायची. हलकं लागेल ते टोपलीत, जड लागेल ते परत ढिगात. जडात बिया जास्त असतात. मी म्हणायचो, ‘तराजू आहे ना समोर.’ ती म्हणायची, ‘अहो, तुमचा तराजू वजन सांगतो. मला वांगं काय म्हणतं ते पाहायचंय.’ चाळीस किलो वांगी अशी एकेक निवडायला वेळ लागायचा. मी शेजारच्या बाकावर बसून कंटाळायचो. आता वाटतं, आणखी एक पोतं घ्यायला हवं होतं.

गेल्या जूनमध्ये ती गेली. ताप, दवाखाना, आठवडाभराचं सगळं. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिले काही दिवस घर भरलेलं होतं. मग पाहुणे आपापल्या गावी गेले. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. दुकानदार बिलांचे फोटो मोबाईलवर पाठवतात, मी आकडे भरतो. दिवसभरात तोंडातून एक शब्दही निघाला नाही असे दिवस जाऊ लागले. आंघोळ राहायची. भात लावायचा आणि खायचा विसरायचो. आयुष्यात प्रथमच एका दुकानाचा कर भरायची तारीख माझ्या हातून चुकली. दुकानदार रागावला नाही, उलट म्हणाला, ‘होतं हो भाऊ.’ त्या ‘होतं हो’ने मला जास्त भीती वाटली. झोपताना सकाळ होऊच नये असं वाटायचं. हे कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी मुलगी आली, स्वयंपाकघर बघितलं, फ्रीज उघडून बघितला आणि म्हणाली, ‘पप्पा, बॅग भरा.’

जळगावला तिने मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मी वेड्यांच्या डॉक्टरकडे का जाऊ, असं मी तिला दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तिने रिक्षा बोलावली. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी झोप, भूक विचारली, मग विचारलं, ‘काल कोणाकोणाशी बोललात?’

‘मुलगी, जावई, नात.’

‘आणि धुळ्याला असताना?’

मी आठवू लागलो. दूधवाले आबा पिशवी दाराला लावून जातात. गॅसवाला. पुढे काही सापडेना. तेव्हा मी त्यांना सांगितलं की असं नाही, आमची गल्ली चांगली आहे, आणि मग भरिताचं सगळं सांगत बसलो, वांग्यांपासून वर्गणीच्या नियमापर्यंत. बाहेर रुग्ण थांबलेले होते, तरी त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘गोळ्या देतो, त्या नियमित घ्या, झोप सुधारेल. पण मुलीकडे किती दिवस राहणार? भरीत कधी आहे?’

‘डिसेंबरात.’

‘मग त्याच्या आधी घरी जा. आणि त्या दिवशी शेतात जा. हेही औषध समजा.’

गोळ्यांनी झोप खरंच सुधारली, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. नोव्हेंबरच्या शेवटी मी परत आलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तेव्हा मनात हिशेब चालला होता की बडगी कोणाकडे आहे, पऱ्हाटी आबा देतील की विकत घ्यावी लागेल. कितीतरी महिन्यांनी मी पुढच्या दिवसांचा विचार करत होतो.

डिसेंबरात वर्गणी सुरू झाली. ती गोळा करत होता माझ्या समोरच राहणारा, इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मालक. मी जळगावला असताना हिशेब त्याने घेतला होता. त्यात गैर काही नव्हतं. एका संध्याकाळी तो वरच्या टोकाकडून एकेक दार करत येताना मला खिडकीतून दिसला. मी आत जाऊन कपाटातून अडीचशे रुपये काढले, अंगातला सदरा बदलला आणि दाराशी थांबलो. डावीकडच्या घराची कडी वाजली. बोलणं ऐकू आलं, हसणं ऐकू आलं. मग उजवीकडच्या घराची कडी वाजली.

मी बराच वेळ दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो. पैसे हातात होते.

वाटलं, चुकून राहिलं असेल, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी आला नाही. रविवारी सकाळी गल्लीत टेम्पो आला. पातेली, सतरंज्या, पोरं, सगळा गोंधळ. मी खिडकी लावून घेतली. दुपारी तीनच्या सुमारास इलेक्ट्रिकवाल्याची बायको दारात आली, पदर सावरून हळू आवाजात म्हणाली, ‘भाऊ, डबा आणलाय. गरम आहे तोवर खा.’ आणि आजाऱ्याच्या घरातून निघावं तशी पाय न वाजवता गेली.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही, शेजारपाजारची माणसं जेवण आणून देतात. जूनमध्ये असेच डबे आले होते. तेव्हा त्या डब्यांनीच आम्ही जगलो. पण सहा महिन्यांनी तोच स्टीलचा डबा, तसंच हळू बोलणं. भरीत चांगलं होतं. बिया जास्त होत्या. मी सगळं खाल्लं, डबा घासला आणि त्यात साखर घालून परत दिला, कारण रिकामा डबा परत देत नाहीत. त्यानंतर आठवडाभर मी पुन्हा घराबाहेर पडलो नाही. मुलीला फोनवर सांगितलं, भरीत मस्त झालं. ती म्हणाली, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’

गोळ्या घेत होतो. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन औषधांपैकी एक मला कोणी देतच नव्हतं, आणि ते मागावं कसं हे मला कळत नव्हतं.

संक्रांत झाली. दुसऱ्या भरिताचा दिवस ग्रुपवर जाहीर झाला. दोन दिवस मी विचार केला. मग ठरवलं, तो येत नाही तर आपण जायचं. संध्याकाळी सदरा घातला आणि रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात गेलो. तो पंख्याची मोटर उघडून बसला होता. मला बघून उठलाच.

‘बसा भाऊ, बसा. बोलवायचं ना, मी आलो असतो.’

मी पैसे पुढे केले. ‘वर्गणी.’

त्याने हात मागे घेतला. ‘अहो राहू द्या. तुमच्याकडून काय घ्यायचं?’

‘सगळ्यांकडून घेता, तेच.’

‘तसं नाही भाऊ. डबा पाठवतो ना मी. मागच्या वेळी पोचला होता ना?’

‘पोचला. म्हणून तर द्यायचे आहेत.’

‘तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. यंदा तुम्ही काही बघायचं नाही. पुढच्या वर्षी बघू.’

तो मनापासून बोलत होता, म्हणून माझी पंचाईत झाली होती. कोणी अपमान केला तर भांडता येतं. मी पैसे त्याच्या काउंटरवर ठेवले, त्याने ते माझ्या खिशात घातले, मी परत काढले. असं चाललं असताना पायरीवर अक्का येऊन उभ्या राहिल्या.

अक्का गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलगा सुरतेला. बोलतात त्या अहिराणीच. त्यांना घरातला बल्ब बदलून हवा होता. त्यांनी आमच्या दोघांच्या हातांकडे पाहिलं.

‘काय व्हयनं? पैसा धरीसन दोन्ही जन काबर भांडी राह्यनात?’

इलेक्ट्रिकवाला म्हणाला, ‘भांडत नाही अक्का. भाऊ वर्गणी देतायत, मी नको म्हणतोय.’

‘हाऊ दि राह्यना नी तू लेस नही? तुना दुकानमा पैसा जास्त व्हयनात का?’

‘अक्का, वहिनींना वर्ष झालेलं नाही. दुःखाचं घर आहे. वर्षभर त्यांना सण नाही. गल्लीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, त्यांना त्रास द्यायचा नाही.’

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं दार विसरून राहिलं नव्हतं. एकवीस घरांनी बसून, प्रेमाने ठरवून ते वगळलं होतं. घरात मृत्यू झाला की वर्षभर त्या घरी सण होत नाही, कोणी सणाचं आमंत्रणही देत नाही. त्यांनी भरिताला तोच नियम लावला होता.

अक्का पायरीवरच बसल्या. ‘सण? भरीत काय सण शे का? कोन्ता देवले निवद दाखाडतस रे तुम्ही भरीतना?’

त्याने पंख्याची मोटर उगाच पुढे ओढली.

‘सांग ना. गनपतीले दाखाडतस का मारोतीले?’

‘नाही अक्का. पण सगळे हसतात, नाचतात, गाणी लावतात. भाऊंना बरं वाटेल का?’

‘मंग हाऊ घर बठीसन काय करी? भिंतीस्ले वांगा मोजी दाखाडी?’ मग आवाज जरा खाली आला. ‘मना मालक गया तवय माले बी बठ्ठास्नी असंच करं व्हतं. घर बठे ताट यी जाये. ताट ऊनं का समजी जावानं, आते आपले कोनी बलावत नही.’

नवरा गेला तेव्हा अक्का चाळिशीच्या असतील. घरबसल्या ताट आलं की समजून जायचं, आता आपल्याला कोणी बोलावणार नाही. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि मी अठरा वर्षं त्यांच्याकडून वर्गणी घेत होतो, त्या हातात पैसे तयार ठेवून दारातच उभ्या असायच्या. मला वाटायचं, व्यवहाराला चोख बाई.

इलेक्ट्रिकवाल्याने मान खाली घातली. म्हणाला, ‘चुकलं अक्का.’

‘माले काय सांगस? त्याले सांग. आनि वांगा कोन लयी?’

‘बाजारातून आणू की.’

‘गये खेपले आनात तश्या? नुसत्या बिया. दात मधला बिया काढता काढता मना दोन दिन गयात. वांगा जयगावनाच पाह्यजेत.’ मग माझ्याकडे वळून, ‘जासी ना भो शनवारे?’

मी म्हणालो, ‘मला वांगी पारखता येत नाहीत अक्का. ते ती बघायची.’

‘मंग शिक. तू काय म्हतारा व्हयना का?’

शनिवारी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. मुलगी बाजारात आली. वांग्यांचे ढीग लागले होते, हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताएवढी. त्या ढिगापुढे मी उभा राहिलो आणि मला सुचेना. बाक तिथेच होता, मी ज्यावर बसून कंटाळायचो तो. त्यावर एक माणूस मोबाईल बघत बसला होता. त्याची बायको कांदे निवडत होती. त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, पण अनोळखी माणसाला काय सांगणार?

मागे वळून पाहिलं तर मुलीने दोन वांगी उचलली होती, एक या हातात, एक त्या हातात, आणि डोळे मिटले होते. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. तिच्या आईनेही शिकवलं नसणार, लहानपणी बाजारात बघितलं असेल तेवढंच. तिने डोळे उघडले, उजव्या हातातलं टोपलीत टाकलं आणि म्हणाली, ‘पप्पा, तुम्हीही घ्या ना. माझ्या एकटीने होणार आहेत का चाळीस किलो?’

मीही डोळे मिटले. पहिल्यांदा दोन्ही सारखीच लागली. मग जरा वेळाने फरक कळू लागला, किंवा कळतो असं वाटू लागलं. वांगेवाला म्हणाला, ‘काका, पूजा चालली का?’ मुलगी हसली. मीही हसलो असेन, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली.

परतीच्या गाडीत कंडक्टरने पोत्यांचं सामानाचं तिकीट फाडलं आणि विचारलं, ‘भरीत कुठे?’ मी जागा सांगितली. शेजारची सीट रिकामी होती. पूर्वी त्या सीटवर ती बसायची आणि एरंडोलच्या आधीच झोपायची, डोकं माझ्या खांद्यावर. एरंडोल आलं तेव्हा माझा डावा खांदा आपोआप ताठ झाला. मग पारोळ्याला एक बाई चढली, पोतं बघून म्हणाली, ‘सरकवा हो जरा,’ आणि बसली.

रविवारी शेतात मला कोणी पाटावर बसवलं नाही. अक्कांनी तशी तंबीच दिली असावी. वांगी सोलायला बसवलं. भाजलेलं वांगं सोलताना बोटं पोळतात, पाण्यात बुडवत राहावी लागतात. माझ्या एका बाजूला दूधवाले आबा, दुसरीकडे इलेक्ट्रिकवाल्याची बायको. पहिला अर्धा तास सगळे जपून बोलत होते. मग बडगीत कुटणारा एकजण ओरडला, ‘ह्याच्यात बिया!’

अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘खा रे खा. हिशोबनीसनी मोजीसन टाक्यात, एक बी कमी व्हवाव नही.’

सगळं शेत हसलं. मग आबा म्हणाले, ‘वहिनींच्या वांग्यात एक बी नसायची.’ लगेच आबांनी जीभ चावली. मीच म्हणालो, ‘असायच्या आबा. त्या वांग्यांचं ती स्वतःच्या घरी भरीत करायची आणि मला खायला घालायची.’ पुन्हा हसले. मग जो तो तिच्याबद्दल बोलू लागला. तिची बोली कशी पूर्वेकडची होती, गल्लीतल्या बायका तिची नक्कल कशी करायच्या, ती त्यांच्या अहिराणीची कशी करायची. जूननंतर इतक्या लोकांच्या तोंडून तिची आठवण मी पहिल्यांदा ऐकली. डब्याबरोबर हे येत नाही.

जेवायला बसलो तेव्हा माझ्या शेजारी आपोआप एक जागा मोकळी राहिली. कोणी मुद्दाम ठेवली नव्हती, लोकांना अजून सवय होती इतकंच. थोड्या वेळाने कोणाचातरी नातू येऊन तिथे बसला. मला ते बरंही वाटलं आणि नाहीही.

आता शेवटचं. निघताना इलेक्ट्रिकवाला माझ्याकडे आला. वांगी चाळीस किलो, तीस रुपयांनी बाराशे, सामानाचं तिकीट वेगळं. तो म्हणाला, ‘भाऊ, तुमची वर्गणी त्यातून वजा करून बाकी देतो.’ मी म्हणालो, ‘नाही. जमा वेगळी, खर्च वेगळा.’ त्याने आधी वांग्यांचे पैसे मला दिले. मग मी त्याला पाचशे रुपये दिले, अडीचशे जानेवारीचे आणि अडीचशे डिसेंबरचे, कारण डबा खाल्ला होता. डिसेंबरचे घ्यायला तो तयार नव्हता. अक्का टेम्पोत चढता चढता म्हणाल्या, ‘ले रे!’ तेव्हा घेतले. संध्याकाळी ग्रुपवर आकडा आला, घरं बावीस.

दोघं होतो तेव्हाही आमच्या घराचे अडीचशेच असायचे.